शिवलेली बाही

माझ्या आईला एक खोड आहे. संकट आलं की ती ते आधी झाकते आणि मग त्याचा विचार करते.

माझी धाकटी बहीण मोनाली बाळंतपणाला माहेरी आली होती. ॲम्ब्युलन्स पिंपळगावात पोचेपर्यंत बाळ घरातच झालं. मुलगा. उजव्या हाताला अंगठा नव्हता. मोनाली ग्लानीत होती तेवढ्यात आईनं त्याला जुन्या लुगड्याचं झबलं चढवलं आणि बाह्यांची तोंडं टाके घालून बंद केली. बाळंतिणीला धसका बसला की दूध आटतं, हे आईचं ठाम मत. दवाखान्यात नेलं तर बाळाला उघडं करतील आणि मोनाली बघेल, म्हणून आलेली गाडी तिनं दारातूनच परत पाठवली. "सगळं बराबर हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी भोकरदनहून आले, तर बाळाच्या तोंडाला फेस येत होता. पुसला की पुन्हा यायचा. अंगावर घेतलं की दोन घोट प्यायचं, ठसकायचं आणि निळं पडायचं. मोनाली रडकुंडीला आली होती.

"ताई, माझंच कायतरी चुकून राह्यलं का?"

"जन्माचं पाणी पोटात गेलंय, निघंल," म्हणत आई चमच्यानं पाजत होती.

"शी केली का त्यानं?" मी विचारलं.

"न्हाई अजून."

"आन् बाह्या कामून शिवल्या?"

आईनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. मला तिची भयंकर चीड आली. शेजारच्या जीशानभाईंच्या गाडीतून आम्ही भोकरदनचा दवाखाना गाठला.

तिथंही आईचं चालूच. "डॉक्टरसाहेब, थंडी वाजंल त्याला, वरूनच बघा की."

मी कात्री मागितली आणि बाही कापली.

हात पाहताच डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी बाळाला पालथं केलं. शीची जागाच बंद होती. तोंडातून बारीक नळी घातली, ती घशाखाली थोडी जाऊन अडली.

"अन्ननलिका मध्येच तुटलेली आहे," ते म्हणाले. "अशी व्यंगं बऱ्याचदा एकत्र येतात. एक दिसलं की बाकीची शोधावी लागतात. हृदयही तपासायला हवं. आता थेंबभरही पाजू नका, दूध फुफ्फुसात गेलंय."

"म्या पाजलं ते?" आईनं विचारलं.

डॉक्टर लिहीत राहिले.

"वाचंल का?" मी विचारलं.

"ऑपरेशननं वाचतात अशी मुलं. काल आणलं असतं तर मी हो म्हणालो असतो. आता संभाजीनगरला निघा, लवकर."

मोनालीनं बाळाचा तो उघडा हात हातात घेतला आणि चारही बोटं ओठांना लावली. मग आईकडं पाहिलं.

"एवढंच झाकत व्हतीस? याच्यासाठी म्या त्याला टाकलं असतं का, आई?"