लाल दोऱ्याचे चष्मे

म्हातारीने नवा चष्मा लावला, हसली, उठली आणि सरळ दाराच्या चौकटीवर आदळली.

"आजी, सावकाश!" चष्मे वाटणारी मुलगी टेबलामागून धावली. म्हातारी कपाळ चोळत हसतच होती. चष्मा छान आहे, असं तिने हाताने सांगितलंसुद्धा.

मुलीने तो चष्मा काढून घेतला, हातभर लांब धरला आणि डावी-उजवीकडे हलवला. काचेतून दिसणारा वर्गातला फळा काचेबरोबरच सरकला. जवळचं न दिसणाऱ्या म्हातारीला तिने लांबचा, वजा नंबरचा चष्मा दिला होता. काडीला लाल दोरा होता.

तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात फिटर. दुकान दुसऱ्याचं. काचा घासण्यात आणि काड्या वाकवण्यात त्यांचा जन्म गेला. जवळच्या चष्म्याला ते लाल दोरा बांधत, लांबच्याला पांढरा. रांगायच्या वयापासून ती त्याच दोऱ्यांशी खेळत आली. या शाळेत भरलेल्या चष्म्यांच्या शिबिरात नेमकं उलटं होतं, लाल म्हणजे लांबचा. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि इतके दिवस तिने ते डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. आज मात्र सगळं लक्ष चार वाजताच्या मुलाखतीत, आणि हात आपले मोकळे. हातांना घरचंच आठवलं.

मुलाखत विद्यापीठाची होती. डोळ्यांच्या अभ्यासक्रमाला तिने गेल्या वर्षीही अर्ज केला होता. गुण चांगले, अनुभव कमी, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. मग कुणीतरी या शिबिराचं सुचवलं. जुने चष्मे गोळा करायचे, धुऊन-पुसून नंबर लावायचे आणि आफ्रिकेतल्या लहान गावांतून फिरत लोकांना द्यायचे. आत्या तर कपाळाला हात लावून बसली होती. "कॉलेजात जायला आधी आफ्रिकेत जाऊन चष्मे वाटायचे? आमच्या वेळी नुसता दाखला लागायचा गं." बाबांनी मुलाखतीसाठी तिला गडद निळा कोट तेवढा घेऊन दिला. फोनच्या पडद्यावर वरचं अर्धंच अंग दिसणार, त्यामुळे पँट जुनीच चालली.

तो कोट ती सकाळपासून घालून बसली होती, उकडत असूनही. उगाच ऐनवेळी गडबड नको म्हणून. सकाळभर वरच्या बटणाशी चाळा करून करून ते आता एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"सिस्टर," तिने हाक मारली. "आज लाल दोऱ्याचे कुणाकुणाला दिले मी?"

शिबिरातली सिस्टर याच गावची. अंगाने भरभक्कम आणि बोलायला कंजूष. दोघींची मिळून एक मोडकीतोडकी भाषा तयार झाली होती आणि तीत त्यांचं छान चालायचं. सिस्टरने खोलीभर नजर फिरवली. "ही आजी. बाहेर झाडाखाली तो गुराखी. आणि शिंपी."

म्हातारी आणि गुराखी तिथेच होते, त्यांचे चष्मे लगेच बदलून झाले. शिंपी गेला होता.

तिला तो चांगला आठवत होता. पांढऱ्या भुवयांचा, ताठ बसणारा म्हातारा. रांगेत बसल्या बसल्या त्याने सिस्टरला सांगितलं होतं, की बाजारात ज्याच्या टपरीत तो शिवायला बसतो त्या मालकाने निरोप दिलाय. आज संध्याकाळपर्यंत चष्मा लावून सरळ शिलाई मारून दाखव, नाहीतर उद्यापासून मशीनवर दुसरा माणूस बसेल. तिने घाईघाईत त्याच्या नाकावर चष्मा ठेवला होता आणि विचारलं होतं, "दिसतंय ना?" तो म्हणाला होता, "छान." सुईत दोरा ओवून दाखवायला सांगायचं, हा शिबिराचा नियम. तो तिने पाळला नव्हता. म्हाताऱ्याने चष्मा रुमालात गुंडाळला, छातीशी धरला आणि तिला वाकून नमस्कार करून तो गेला होता.

"डॉक्टरबाईंना सांगू या?"

"ऑपरेशनमध्ये आहेत. संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाहीत."

"मग तुम्ही नेऊन देता का? मी नंबर काढून देते."

"नेईन. पण बसतो की नाही ते मला काय कळणार?" सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाजार लांब आहे. तिथे फोन लागत नाही. तुझं चारला आहे ना?"

फोन लागायचा तो फक्त या शाळेच्या आसपास, आणि नीट लागायचा तो गच्चीवर. ती जिना चढून गच्चीवर गेली. मुलाखत घेणारे एकदाच फोन करणार होते, दुसरी वेळ मिळणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि शिबिर उद्या पहाटे पुढच्या गावाला हलणार होतं. तिने बाबांना फोन लावला.

"काय गं? झाली का मुलाखत?"

"नाही बाबा. चारला आहे." आणि मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. लाल दोरा, म्हातारी, शिंपी, मालक. सांगता सांगता रडू आलं, ते तिने कोटाच्या बाहीने पुसलं.

पलीकडे दुकानाच्या दाराची घंटा वाजली. बाबा कुणाला तरी "बसा हं, आलोच" म्हणाले. मग म्हणाले, "हे बघ, तू मुलाखत दे. चुकीच्या चष्म्याने कुणाचे डोळे जात नाहीत. डोकं दुखेल फार तर."

"त्याचं काम जाईल ना पण."

"मुलाखत दे म्हणतो ना मी! किती वाट पाहिली आपण या दिवसाची." बाबांचा आवाज चढला. ते सहसा आवाज चढवत नाहीत, त्यामुळे दोघंही दचकली. "तिथे दुसरं कुणी नाही का जायला?"

"नंबर बघणारं नाही."

बाबा आता काच फडक्याने पुसत असणार, हे तिला इथूनही कळत होतं. काही सुचेनासं झालं की ते पुसलेलीच काच पुन्हा पुसतात.

"वय किती म्हणालीस?"

"साठीच्या पुढचा."

"वाचायचा कितीचा लागला?"

"अधिक अडीच."

"मग अडीच देऊ नकोस त्याला," बाबा हळूच म्हणाले. "पुस्तक आपण जवळ धरतो. मशीनवर कापड जरा लांब पडतं. दोनच दे. आणि काडी तळहातांत चोळून ऊब देऊन मगच वाकव, जुनी असेल तर मोडेल."

"बाबा..."

"गिऱ्हाईक खोळंबलंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाजाराची वाट उताराची होती. सिस्टर पुढे आणि ती मागे, हातात अधिक दोनचे तीन चष्मे, त्यांतला एखादा तरी बसेल म्हणून. अर्ध्या वाटेत फोनची रेंज गेली. तिने फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. पळत गेलं आणि पळत आलं तर जमेल, असा हिशोब तिने पायऱ्या उतरताना मांडला होता. वाट संपेना तसा तो फसत गेला, पण ती मनातल्या मनात नव्याने मांडत राहिली. परत फिरावं असं तिला एकदा नव्हे, चांगलं तीन-चारदा वाटलं. समोर सिस्टरची रुंद पाठ नसती तर ती फिरलीही असती.

टपरी पत्र्याची होती. मालक बाहेर खुर्ची टाकून बसला होता, त्याच्या पायाशी लाल गणवेशांचा ढीग. शिंपी आत मशीनवर होता. चष्मा मशीनच्या टोकावर रुमालाची घडी करून तिच्यावर नीट ठेवलेला, आणि म्हातारा कापडाची कड बोटांनी चाचपत चाचपत सुईखाली सरकवत होता. शिलाई भरकटली होती. लांबूनही दिसत होतं.

सिस्टरने हाक मारली. म्हाताऱ्याने मान वर केली आणि दारात कोण उभं आहे ते ओळखलं. त्याने लगबगीने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, स्वागताला उठला आणि स्टुलाला अडखळला.

"छान आहे," तो तिच्या जरा बाजूला बघत म्हणाला. "फारच छान आहे."

ती सिस्टरकडे वळली. "त्यांना विचारा ना सिस्टर, दिसत नव्हतं तर बोलले का नाहीत?"

सिस्टरने विचारलं. म्हातारा संकोचून हसला. सिस्टर म्हणाली, "तो म्हणतो, पोर एवढ्या लांबून घेऊन आली. तिच्या वस्तूला नावं कशी ठेवायची?"

ती खाली बसली. त्याचा चष्मा काढला, दुसरा घेतला, काडी तळहातांत चोळली. कानामागे बोट घालून पाहिलं, पुन्हा चोळली, किंचित वाकवली. "मान खाली घालून हलवा." त्याने हलवली. पहिला घसरला. दुसरा घसरला नाही. मग तिने मशीनवर पडलेली सुई आणि लाल दोरा त्याच्या हातात दिले.

पहिल्यांदा दोरा सुईच्या बाजूने गेला. मालकाने खुर्चीतूनच मान लांब केली. तिला वाटलं, बाबांचं चुकलं की काय, अडीचच द्यायला हवा होता की काय. म्हातारा उठला, दारात उजेडात जाऊन उभा राहिला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा सुईपाशी नेलं. या वेळी ते पलीकडून बाहेर आलं. त्याने ते ओढलं, आणखी ओढलं, जणू दोरा संपूच नये.

मालक उठला. त्याने ढिगातला एक गणवेश उचलून मशीनवर टाकला, त्यावर म्हाताऱ्याने मारलेली सरळ शिलाई बोटाने चाचपली आणि खुर्चीत जाऊन बसला. सिस्टर म्हणाली, "राहिलं त्याचं काम."

टपरीतल्या घड्याळात चार कधीच वाजून गेले होते. तिने पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. निघायला उठली तर म्हाताऱ्याने तिची बाही धरली. नव्या काचांतून तो तिच्या कोटाकडे बघत होता, लोंबत्या बटणाकडे. कोट उतरव, असं त्याने खुणेने सांगितलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता नाही लागणार."

सिस्टरने हे काही त्याला सांगितलं नाही. म्हाताऱ्याने कोट मांडीवर घेतला आणि मघाच्याच सुईने बटण लावलं. सुईत गणवेशाचा लाल दोरा होता, निळ्या कोटावर तो लांबूनही उठून दिसत होता. टाके सारखे, जवळजवळ, घट्ट. शेवटी त्याने दोरा दाताने तोडला, कोट झटकला आणि पाहुण्याला घालावा तसा दोन्ही हातांनी तिच्या अंगात घातला. वरचं बटणही त्यानेच लावलं.

चढावर, शाळा दिसायला लागली तेव्हा खिशात फोन थरथरला. विद्यापीठाचे दोन फोन येऊन गेले होते, आणि त्यांच्यामागून निरोप, की उमेदवार उपस्थित नसल्यामुळे या वर्षीचा अर्ज बंद करण्यात येत आहे. सिस्टर पुढे जाऊन उभी राहिली. तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, ते गेलं."

"हं," बाबा म्हणाले. मग विचारलं, "मान हलवायला लावलीस?"

"लावली."

"घसरला नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यानंतर पलीकडून नुसता काच पुसल्याचा आवाज येत होता. तिनेही फोन ठेवला नाही. बटण मुठीत धरून ती तशीच उभी राहिली.