समाधीची मोटार

पेठ वडगावच्या माळावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काळी मोटार उभी होती. काचा चढवलेल्या, आतून भगवे पडदे, इंजिन चालू. मोटारमहाराज टपावर हात ठेवून सांगत होते, "ही घरघर नव्हे लेकरांनो, ओंकार आहे. पाव तास आत बसा. वासना मागच्या नळीनं बाहेर, जीव थेट वरच्या गिअरमध्ये."

लोक माना डोलवत होते. आत बसलेला माणूस खरोखरच शांत होऊन निघायचा. मान टाकलेली, चेहऱ्यावर लाली. महाराज म्हणायचे, "तेज आलं."

कोल्हापूरचा सयाजी मिस्त्री गर्दीत मागं उभा होता. ही मोटार त्याच्या ओळखीची. दोन महिन्यांपूर्वी महाराजांचा शिष्य ती त्याच्या गॅरेजात घेऊन आला होता. चंदगडच्या गारठ्यात महाराजांचे पाय आखडतात, तेव्हा सायलेन्सरला फाटा काढून एक नळी मागच्या सीटखालून फिरवा आणि परत बाहेर काढा, म्हणजे ऊब राहील, असं त्याचं म्हणणं. नळी चालू-बंद करायला डिकीत एक कॉक हवा होता. सयाजीनं काम चोख करून दिलं होतं.

आत्ता आत प्रभावती होती, नेमगोंडा पाटलाची बायको. तान्हं मूल गेल्यापासून तिची झोप उडाली होती. मागच्या खेपेला मोटारीतून उतरल्यावर ती दिवसभर निपचित पडली, तेव्हा घरच्यांना वाटलं, गुण आला. आज महाराजांनी अर्धा तास सांगितला होता.

दार उघडलं. प्रभावती हलली नाही. नेमगोंडानं तिचा हात धरला, तो निसटून खाली पडला. गाल मात्र गुलाबी होते.

महाराजांनी आत वाकून पाहिलं. मग हात वर करून म्हणाले, "मोक्ष. प्रेताला कधी असं तेज असतं का?" बायका तिच्या पायांवर डोकं ठेवायला धावल्या.

ही लाली सयाजीनं आधी पाहिली होती. त्याचा उस्ताद ज्ञानू एका थंडीत शेडचं दार लावून, इंजिन चालू ठेवून गाडीतच झोपला, तो सकाळी असाच सापडला होता. धुरातला विषारी वायू रक्तात भिनला की माणूस लाल दिसतो, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं.

सयाजी पुढं घुसला. प्रभावतीला उघड्यावर ओढून त्यानं तिच्या नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. तो नेमगोंडाकडं वळला.

"नेमाण्णा, वहिनीस्नी धुरानं मारलंय."

"माझ्या बायकोचा मोक्ष बाटवू नगा, पावणं," नेमगोंडा म्हणाला.

शिष्य आडवा आला. "गाडी पवित्र आहे. हात लावू नका."

"मला नगं सांगू. नळी मीच बसवलीया."

सयाजीनं डिकी उघडली. कॉक पुरा उघडा होता. आत काय शिरतंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून तिथलाच ऑइलचा डबा घेऊन त्यानं बॉनेट वर केलं आणि इंजिनाचा वेग वाढवून इंजिन जिथून हवा ओढतं त्या कार्बोरेटरच्या तोंडात थोडं थोडं ऑइल ओतलं. मोटारीच्या मागून निळसर धूर निघाला. तसाच धूर सीटखालूनही निघाला, पडदे भरले, उघड्या दारातून लोळ बाहेर आला. गर्दी मागं सरली.

मग त्यानं इंजिन बंद केलं आणि सीट उपसून टाकली. नळी मधोमध करवतीनं कापलेली होती. धुराचा वास मारायला शेजारी उदबत्त्यांचे पुडे रचलेले.

धुराच्या गोंधळात पळालेले महाराज आणि शिष्य एस.टी. स्टँडवर सापडले. चौकीत फौजदारानं सयाजीला विचारलं, "नळी कुणी बसवली?"

"म्या. कापली त्येनी, पण कॉक कशाला पायजे ह्ये म्या इचारलं न्हाय. तेवढं लिवा."

नेमगोंडा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ती नगं म्हणत हुती. डोकं ठणकतंय म्हणाली. मी म्हणलं, बाधा निघाय लागली."

सयाजीनं जबानीखाली सही केली.

बंद जागेतला इंजिनाचा धूर माणसाला मारतो. धुराला मंत्र कळत नाही. झोप उडालेल्या बाईला डॉक्टर लागतो आणि तिचं म्हणणं ऐकणारं घर लागतं. कुणी चमत्कार दाखवला तर तो कसा होतो हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस त्याच्या हाती देऊ नका.