जोडीचा फोटो

"माझ्यासमोर दगड जरी उभा केला तरी हसून दाखवील," असं फोटोग्राफर छाती फुगवून सांगायचा, आणि हजारभर जोडपी त्याने हसवलीही होती. फक्त स्वतःच्या बायकोबरोबर त्याचा एकही फोटो नव्हता, कारण कॅमेरा कायम याच्याच हातात, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी बायकोने हट्ट धरला आणि त्याच्या जुन्या शिष्येला स्टुडिओत बोलावलं.

"सर, वहिनींच्या जवळ सरका," शिष्या म्हणाली.

सर सरकले ते थेट दिव्याकडे. दिवा तिरका केला, परत येऊन बायकोची हनुवटी दोन बोटं वर उचलली, आणि ती कशी दिसते ते बघायला चार पावलं मागे गेले. तेवढ्यात क्लिक झालं. फोटोत बायको एकटी, कडेला नवऱ्याचं कोपर.

असे अकरा फोटो झाले.

मग बायकोने त्याच्या दंडाला असा विळखा घातला, की हलायची सोयच उरली नाही. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मला नाही गं जमत," तो हळूच म्हणाला.

"जमतं कुणाला? लोक तुम्हाला घाबरून हसतात."

त्याला खरंखुरं हसू फुटलं. शिष्येने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

बायकोने तोच फोटो दारातून दिसेल एवढा मोठा करून घेतला. क्लिक होताना, कॅमेऱ्यातून बघायच्या सवयीने, त्याचा डावा डोळा मिटला होता, त्यामुळे आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो डोळा मारतो.