खरी तारीख

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ‘उद्याराव’ म्हणायचे, आणि उगाच नाही. हातात कसब असं की बसवलेले दात जन्मजात वाटावेत, पण काम कधी देता विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या नक्की!" मोबाइलचे गजर हे झोपेत बंद करायचे आणि वर मोबाइललाच शिव्या घालायचे. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सज्जड दम दिला, "आता एक जरी काम चुकलं ना, तर मी दुसरा माणूस बघणार." त्यांचीच कामं गेली तर चूल कशावर पेटायची? तेव्हा कुठे स्वारी बाजारात गेली आणि पानापानावर वार छापलेली जाडजूड डायरी घेऊन आली.

आणि जमलं हो! पंचेचाळिशीतला माणूस रोज सकाळी पान उघडू लागला. झालेल्या कामावर रेघ मारताना असा खुलायचा की बायको म्हणायची, "अहो, रेघ मारायला मिळावी म्हणून आंघोळसुद्धा लिहिता की काय?" लिहायचेच ते.

अशात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या कवळीचं काम आलं. बाई सत्तरीत दुसरं लग्न करत होत्या. डॉक्टरीणबाईंचा फोन बायकोने घेतला आणि यांना सांगितलं, "गुरुवारी दुपारी लग्न. बुधवारी कवळी पोचलीच पाहिजे." लगेच डायरीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

आता डायरी कुठे ठेवावी याला काही अक्कल लागते की नाही? यांनी ठेवली मेण वितळवायच्या दिव्याशेजारी. गुलाबी मेण सांडलं आणि बुधवारचं पान मागच्या पानाला चिकटून बसलं. बुधवारी डायरी उघडली ती थेट कोऱ्या गुरुवारवर. वार कोण बघतो! आज काही नाही म्हणून साहेबांनी निवांत दुकान झाडून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच पान. या वेळी मात्र उद्यारावांनी वार पाहिला. गुरुवार! मग बुधवार गेला कुठे? नखाने मेण खरवडून पाहतात तो काय, दोन रेघांची ‘बाईंची कवळी’ आत गुपचूप बसलेली. दात अजून मेणातच होते, पक्की कवळी करायला अख्खा दिवस लागणार आणि लग्न दुपारी. डबीत ते मेणाचे दात टाकून माणूस धावत सुटला.

दवाखान्यात त्या शिक्षिकाबाई स्वतःच खुर्चीत बसल्या होत्या. उद्यारावांनी हातच जोडले. "बाई, माफ करा, घात झाला! तूर्त हे मेणाचे दात फोटोपुरते लावा. फक्त हसू नका, बोलू नका आणि गरम काही पिऊ नका."

"न बोलता लग्न कसं करू?" बाईंनी बोळक्या तोंडाने विचारलं. "आणि लग्न आज कुठलं? पुढच्या बुधवारी आहे."

उद्यारावांनी वळून डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "मी वहिनींना या शनिवारचं लग्न सांगितलं होतं. मुद्दाम. तुमचा काय भरवसा?"

यांनी घरी फोन लावला. पलीकडून बायको हळूच म्हणाली, "अहो, रागावू नका. त्यातले आणखी दोन दिवस मी कमी केले."

हुश्श! इतका मोठा श्वास त्यांनी आयुष्यात सोडला नव्हता. हसू आलं, मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. दोघींवर चिडायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने चिडणार?

"चूक माझीच आहे," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पण ही डायरी मी मनापासून लिहितोय हो. निदान तिच्यात खोटं नका लिहायला लावू."

"बरोबर बोलतोय तो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवळी तयार झाली, लग्नाच्या चांगली आधी. बाईंनी ती लावून सफरचंदाचा असा लचका तोडला की डॉक्टरीणबाईंनी टाळ्याच वाजवल्या. मग त्यांनी नवीन कामासाठी एका जबड्याचा ठसा उद्यारावांच्या हातात दिला. "हे मला सोमवारी हवं," असं सवयीने म्हणून गेल्या आणि थांबल्या.

"नाही. गुरुवारी दिलंत तरी चालेल. खरंच गुरुवारी."

उद्यारावांनी डायरी उघडली, पण लिहिण्याआधी त्यांना चष्मा पुसावा लागला.