शर्टाच्या कापडाचा सोफा

हयातीचे दाखले देणाऱ्या एका कचेरीत एक कारकून होता. समोरचा माणूस जिवंत आहे असं कागदावर लिहायचं आणि शिक्का मारायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने ते राखाडी शर्ट आणि राखाडी पँट घालून केलं, आणि तो स्वतः तिथे आहे हे मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. शिपायाने त्याला दोनदा आत ठेवून कुलूप लावलं होतं. भिंत रंगवायला आलेल्या माणसाने तर भिंतीबरोबर त्याच्या बाहीवरूनही ब्रश फिरवला, आणि कोपराशी जरा खडबडीत लागलं म्हणून वर दुसरा हात मारला.

त्याची मेहुणी मोठी भटकी. कुठल्याशा डोंगराळ मुलुखातून तिने बहिणीसाठी कापड आणलं. लालभडक कापड, त्यावर काळेपांढरे त्रिकोण, तळहाताएवढे डोळे आणि भाल्यासारख्या चोचींचे पिवळे पक्षी. बायकोने त्याचा शर्ट शिवला आणि नवऱ्यापुढे धरला.

"अगं, हे मी घालायचं?"

"मग काय खुर्चीला घालू? ताई घरी आली की तुम्ही आहात की नाही, हे मला विचारून घेते. समोर बसलेले असता तुम्ही."

सकाळी तो जीव मुठीत धरून कचेरीत शिरला. शिपाई उठून उभा राहिला. टायपिस्टबाईंनी चष्मा पुसून विचारलं, "नवीन लागलात का?"

"नाही. तुमच्या लग्नाच्या रजेचा अर्ज मीच पुढे पाठवला होता."

मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"बावीस."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" साहेब खरोखरच दुखावले होते.

पुढचे काही दिवस कारकुनाने मजेत काढले. चहा न मागता समोर येई. लिफ्टमध्ये लोक त्याला जागा करून देत. बोलण्याआधी घसा खाकरायची सवयही त्याला लागली. तो चालायचाही जरा छाती काढून, म्हणजे पक्षी नीट पसरत.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की कचेरीलाही हेच हवंय. "लोक इथे येऊन मेल्यासारखे बसतात," ते म्हणाले, "दाखला देताना आपल्यालाच शंका येते." त्यांनी कारकुनाचा शर्ट नमुना म्हणून एका दिवसासाठी मागून घेतला आणि तस्सं कापड ठाणच्या ठाण मागवलं. सोफे मढवले, पडदे लावले, भिंती छतापर्यंत झाकल्या. उरलेल्याचा साहेबांनी टाय करून घेतला.

त्या सोमवारी कारकून कामावर आला आणि नाहीसा झाला. डोकं तेवढं दिसत होतं, पण त्याच्या डोक्याकडे आधीही कुणी पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी पडद्याला फाईल आणायला सांगितली. कारकुनाने आणून दिली, तर त्यांनी आभारही पडद्याचेच मानले. खिडकीवर लोकांना सांगायला सुरुवात झाली, कारकून सापडत नाहीत, नंतर या.

गुरुवारी दुपारी तो बुटाची नाडी बांधायला सोफ्यावर टेकला. एक म्हातारी आली आणि त्याच्या मांडीवर बसली.

"आजी, मी आहे इथे."

"असू दे. एवढ्या सोफ्यांत हाच काय तो उबदार निघाला." ती नीट सावरून बसली. "तिसरी खेप आहे माझी. दाखल्यासाठी."

"दाखला मीच देतो."

"मग इतके दिवस होतास कुठे?"

"इथेच."

म्हातारी उठली, चष्मा लावून तिने त्याचा शर्ट निरखला, मग भिंत निरखली. "हे आमच्याकडचं विणकाम. माझी आई विणायची. उलटं आहे पण. चोच वर हवी. तुझे सगळे पक्षी खाली पडतायत. भिंतीवरचेही. म्हटलं, इथे आल्यापासून मला गरगरतंय कशाने."

कारकुनाने आपल्या शर्टावरच्या पक्ष्यांकडे पाहिलं. "उलट्याचा काही वाईट अर्थ होतो का?"

"अर्थ कसला? पक्षी पडतायत, एवढंच."

त्याने तिथल्या तिथे दाखला लिहायला घेतला. कागदावर छापलेला प्रश्न होता, अर्जदार समक्ष हजर होता काय? तो खोटं कधी लिहीत नसे. त्याने लिहिलं, "होय. मांडीवर."

सहीसाठी गेलेला तो कागद घेऊन साहेब तरातरा बाहेर आले. "हे कुणी लिहिलं?" त्यांनी पडद्यांना विचारलं.

"मी," कारकून म्हणाला. साहेब चारी भिंतींकडे बघत राहिले. तेव्हा त्याने आपलं टेबल धरलं आणि फरफटत पाण्याच्या नळाशी नेलं. ओलीमुळे तिथे कापड लावलं नव्हतं, भिंत पांढरीच राहिली होती. तिला पाठ लावून तो बसला.

"हां, तुम्ही होय," साहेब म्हणाले. कागद उलटा धरून त्यांनी सही केली. "इथे ओल आहे जरा."

"चालेल. मी इथेच बसतो."

खिडकीपाशी ताटकळलेली माणसं एकेक करून नळाकडे सरकू लागली.

संध्याकाळी बायको दुसऱ्या शर्टाचं कापड जमिनीवर पसरून बसली होती. त्याने दिवसभराचं सगळं सांगितलं, आजी मांडीवर बसल्याचंही. पक्षी उलटे आहेत हे सांगताना तो जरा चाचरला.

तिने मान वाकडी करून कापडाकडे पाहिलं. "तुम्हाला कसे आवडतात?"

तो कापडाच्या काठाशी आला आणि वाकून पक्षी बघू लागला.

"पडणारे," तो म्हणाला.

"मग सरका जरा, पाय आहे तुमचा कापडावर," ती म्हणाली आणि तिने कात्री चालवली.