आकडा सांगायचा, उठायचं नाही

चिलीचा माणूस भूकंपाला भीत नाही. ही गोष्ट आम्ही अभिमानानं सांगतो. पाहुण्यांना तर जेवण वाढण्याआधीच सांगतो. जमीन हलायला लागली की आम्ही आधी वरच्या दिव्याकडे बघतो, मग ग्लासातल्या वाइनकडे, आणि मग रिश्टरचा आकडा सांगतो. "चार पॉइंट आठ." "छे, पाच तरी." हलणं थांबलं की कोणीतरी फोनवर खरा आकडा बघतं, ज्याचा अंदाज जवळचा निघतो तो दिवसभर जरा ताठ चालतो, आणि जेवण पुढे सुरू होतं. मधे उठायचं नाही. उठणं हे परदेशी माणसाचं लक्षण.

अर्थात आम्ही इतर गोष्टींना भितो. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या तर मान धरते, म्हणून भर उन्हाळ्यात बसच्या काचा लावून उकडून घेतो. ओल्या केसांनी बाहेर पडलेला माणूस वाचत नाही असं आमचं ठाम मत आहे. आणि विजेचं तर नावच नको. सान्तियागोचं आकाश वर्षानुवर्षं गप्प असतं, त्यामुळे ते कधी गडगडलं तर काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

नेरिओ आणि एग्ले आमच्या इमारतीत आले ते वेनेझुएलाहून, माराकाइबोहून. तिकडे तो सरोवरावर लाँच चालवायचा आणि तिचं स्वतःचं पार्लर होतं. इथे तो आमच्या दारावर वॉचमन म्हणून बसला, आणि ती तळमजल्यावरच्या मिरेयाबाईंच्या पार्लरमध्ये लागली. राहायला माझ्याच डोक्यावरची खोली.

मिरेयाबाईंनी एग्लेच्या हातात पहिल्या दिवशी झाडू दिला. काही दिवसांनी रंगाचा ब्रश दिला. मग मात्र गडबड झाली, कारण एग्ले गिऱ्हाइकाला "राणी" म्हणायची. "राणी, मान जरा मागे." "राणी, पाणी गरम नाही ना?" आम्ही सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या बायका, आपल्याला शेवटचं राणी कोणी म्हटलं होतं हे आठवायचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला, आणि मग मिरेयाबाईंच्या खुर्चीवरून एग्लेच्या खुर्चीकडे सामूहिक पक्षांतर केलं.

संध्याकाळी पार्लर बंद झालं की ती वर जायची, मक्याच्या जाड भाकऱ्या भाजायची, त्यात चीज भरायची आणि डबा घेऊन खाली नेरिओच्या टेबलामागे येऊन बसायची. आमची संध्याकाळ म्हणजे चहा, पाव आणि वर कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो. आम्ही त्यांना तेच खायचा आग्रह केला, त्यांनी ते आमच्या देखत खाल्लं, आणि डबा येत राहिला. तिच्या अंगात त्याचा स्वेटर, त्याच्या गळ्यात तिचा मफलर. माराकाइबोच्या उकाड्यात दोघांकडेही यातलं काही नव्हतं. दारावरची घंटी वाजली की नेरिओ घास गिळून बटण दाबायचा. घंटी सारखी वाजायची. मग एग्ले स्वतःच बटण दाबायला लागली, म्हणजे त्याला सलग चावता यावं म्हणून.

पहिला धक्का त्यांना एका रविवारी सकाळी बसला. मी कॉफी पीत होते. पाच पॉइंट एक. जिन्यावर धडधड झाली आणि खिडकीतून पाहिलं तर अंगणात दोघं उभी. एग्ले अनवाणी, केसांना शांपूचा फेस. नेरिओच्या दोन्ही हातांत तिच्या चपला. बाकी अख्ख्या इमारतीतून कोणी बाहेर आलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, "गॅसची गाडी आली का?"

"नाही, बाई," नेरिओ म्हणाला. "आम्ही सहज आलो होतो."

जिना चढताना त्यांचं बोलणं माझ्या दारावरून गेलं.

"चपला तरी मी तुझ्याच घेतल्या ना?"

"घेतल्यास, सोन्या. फक्त माझ्याआधी खाली पोचलास."

"तुला घालायला तयार ठेवाव्यात म्हणून."

दोन महिन्यांत जमीन आणखी दोनदा हलली, आणि दोन्ही वेळा ऐन पार्लरच्या वेळात. दोन्ही वेळा एग्ले ब्रशसकट रस्त्यावर गेली. दुसऱ्यांदा तिच्या खुर्चीत मी होते. माझं डावं अर्धं डोकं तांबूस-तपकिरी चेस्टनट झालं होतं आणि उजव्या अर्ध्याचं वय उघड होतं. ती परत आली तेव्हा थंडीनं तिचे ओठ निळे पडले होते. "माफ कर, राणी," म्हणाली. "पायांना कळतं, मला नंतर कळतं."

मिरेयाबाई वाईट नाहीत. पण रंग लावून ठेवलेलं डोकं म्हणजे चुलीवरचं दूध, ते सोडून जायचं नाही, हा त्यांचा धर्म आहे. त्या म्हणाल्या, "पोरी, हात तुझा चांगला आहे. पण पुढच्या वेळी पळालीस तर एप्रन दाराला अडकव आणि तशीच पळत राहा."

ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, एका दुपारी आकाश गडगडलं.

मिरेयाबाईंनी सगळ्या आरशांवर टॉवेल टाकले, कात्र्या खणात कोंडल्या आणि स्वतः रंगाच्या खोक्यांमागे जाऊन जपमाळ काढली. माझ्या केसांत त्या दिवशी चांदीचे कागद गुंडाळलेले होते, त्यामुळे माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगत नाही. इमारतीच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. आणि एग्ले दार उघडून फुटपाथवर गेली. शेजारच्या दारातून नेरिओ बाहेर आला. दोघं पावसात उभी राहिली, माना वर करून. वीज चमकली की ती त्याला बोट करून दाखवायची, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं.

माझे केस धुताना ती बोलली.

"आमच्या सरोवरावर बहुतेक रात्री असंच, राणी. तेही लांबून, आवाज नाही, नुसता उजेड. कोणी वरसुद्धा बघत नाही. आई अंगणात खुर्ची टाकून बसते आणि शेजारणीशी भांडते, वर हे चाललेलं असतं." पाणी बराच वेळ एकाच जागी पडत राहिलं. "या नोकरीवरून काढलं तर मी परत जाईन. जिथली जमीन मला उभं राहू देत नाही तिथे मी किती दिवस उभी राहू? त्याला सांगितलं आत्ताच, बाहेर."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, छत्री घेऊन यायला हवी होती."

त्याच आठवड्यात नेरिओनं तिची शिकवणी सुरू केली. आम्हा सगळ्यांना इतके महिने बघून त्यानं एक सिद्धांत काढला होता, आणि तो आमच्याबद्दल असूनही बरोबर असावा: चिलीचा माणूस शूर नसतो, तो आकडा काढण्यात गुंतलेला असतो. तोंड कामात असलं की पायांना हुकूम देणारं कोणी उरत नाही.

एग्ले डबा उघडून बसली की हा मागून येऊन तिची खुर्ची गदागदा हलवायचा.

"आकडा."

"सोड, सांडेल."

"आकडा सांग, एग्ले."

"तीन."

"तीनला काय सांगतेस? तीनला इथली मांजरंसुद्धा कूस बदलत नाहीत."

येणारेजाणारे आम्ही सगळे तिथे थांबून सल्ले द्यायला लागलो. दिव्याकडे बघ. दिवा नुसता झुलला तर चार, भिंतीवरची चित्रं वाकडी झाली तर पाच. एग्ले गंभीरपणे ऐकायची. एकदा तिनं मला विचारलं, "मग खरंच उठायचं कधी?"

"उभं राहता येत नाही तेव्हा," मी म्हटलं. आमच्याकडे शाळेपासून हेच सांगतात.

"उभं राहता येत नसेल तर उठणार कशी?"

हा प्रश्न आमच्या देशात आजवर कोणी विचारलेला नव्हता. मी पत्राच्या पेटीत पत्र आहे का ते बघायला गेले.

रविवारी दुपारी माझ्या डोक्यावर पलंग खरवडल्याचा आवाज यायचा, मग एग्लेचं ओरडणं, "साडेपाच!" मग हसणं, मग पुन्हा पलंग. समोरच्या बाईंनी मला विचारलं की वरच्या जोडप्याचं काय चाललंय. मी म्हटलं, अभ्यास. त्यांनी माझ्याकडे जरा करुणेनं पाहिलं.

एक मात्र मी पाहिलं होतं आणि एग्लेला सांगितलं नव्हतं. समोरून मोठा ट्रक गेला आणि दाराची काच वाजली की नेरिओ दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरायचा. त्याला आकडा विचारायला कोणी नव्हतं.

सप्टेंबरचा राष्ट्रीय सण जवळ आला. त्या आठवड्यात आमच्या देशातल्या सगळ्या बायका एकाच वेळी केस रंगवतात. शनिवारी दुपारी पार्लर गच्च भरलं होतं. मी एग्लेच्या खुर्चीत, पलीकडे मिरेयाबाई एका नवरीच्या आईचे केस कुरळे करत होत्या. आणि फळीवरच्या बाटल्या किणकिणायला लागल्या.

माझ्या डोक्यावरचा ब्रश थांबला.

आरशात मला एग्ले दिसत होती. तिचे डोळे दाराकडे गेले. खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात इतका आवळला गेला की खुर्ची वेगळीच हलायला लागली. मिरेयाबाईंचा कंगवाही थांबला. त्या एग्लेकडे बघत होत्या, आणि मला वाटतं त्यांनाही ती पळायला नको होती. बाटल्या वाजतच होत्या.

काचेच्या दारापलीकडे नेरिओ दिसला. टेबल, बटण, अख्खी इमारत सोडून धावत आला होता. तोंड पिठासारखं पांढरं. हातात तिचं जाड जाकीट होतं, कारण मागच्या वेळी ती रस्त्यावर कुडकुडली होती. तो आत आला नाही. जाकीट उघडून, दोन्ही बाह्या धरून, तसाच उभा राहिला. ती आली असती तर थेट त्यातच शिरली असती.

इतकं शिकवून झाल्यावर हा माणूस स्वतःच जाकीट घेऊन येतो, असं माझ्या मनात आलं. एग्लेच्या मनात काय आलं ते माहीत नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली, दिव्याकडे पाहिलं, आणि त्याला काचेतून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"चार पॉइंट दोन."

आणि ब्रश माझ्या डोक्यावर टेकवला. रंगाचा एक पट्टा माझ्या कानावर उमटला.

"जास्त आहे," मिरेयाबाई म्हणाल्या. "चार पॉइंट सहा."

"पाच," नवरीची आई म्हणाली. "माझ्या मते पाच."

मी साडेचार म्हटलं. किणकिण थांबली. एग्लेनं ब्रश दाराकडे रोखून नेरिओला हातवारे केले: जा, टेबलावर जा, घंटी वाजतेय. तो हलला नाही. तेव्हा ती स्वतः दारापाशी गेली, त्याच्या हातातलं जाकीट घेऊन त्याच्याच खांद्यावर टाकलं, वरचं बटण लावलं आणि परत आली. बटण लावताना त्याच्या गालावर बोटभर चेस्टनट रंग लागला. तो सण संपेपर्यंत गेला नाही.

"एप्रनला रंग लागलाय," मिरेयाबाई तिला म्हणाल्या. "सोमवारी दुसरा घे. नवीन काढून ठेवलाय." मग नवरीच्या आईच्या केसांकडे बघत, "आणि तो बाहेरचा अजून थरथरतोय. त्याला चहा नेऊन दे. रंग मी बघते."

नवरीच्या आईनं फोन काढला. खरा आकडा बघायचा राहिला होता. तिनं भूकंपांची यादी उघडली, बोटानं वरखाली केली, आणि मग फोन मिरेयाबाईंकडे दिला. मिरेयाबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या की आत्ताचा अजून चढवला नसेल, शनिवार आहे.

तो सोमवारपर्यंतही चढवला गेला नाही. मागच्या गल्लीत त्या दुपारी नव्या डांबरावर रोलर फिरत होता.