‘थांब’ला लागणारा वेळ

आमच्या घरात बाथरूमचा पहिला मान बाबांचा. पण दादा एकदा आत जाऊन गायला लागला की मान गेला उडत. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी ताटकळतात. एवढी साधी गोष्ट आमच्या साहेबांच्या डोक्यात शिरत नव्हती.

दादाची बायको, माझी वहिनी, पुठ्ठे कापायच्या यंत्रावर काम करते. पात्यापुढे प्रकाशाचा अदृश्य पडदा असतो. हात त्यातून आत गेला की ‘थांब’ हा संदेश तारेवरून धावतो आणि पातं जागच्या जागी अडतं. त्या संदेशाला जास्तीत जास्त किती उशीर होऊ शकतो, हे काढणं माझं काम. आता कारखान्याने नवा कॅमेरा बसवला होता आणि त्याचे लठ्ठ फोटोही त्याच तारेवरून जाणार होते.

“‘थांब’ला पहिला मान दिलाय,” साहेब म्हणाले. “तो कशाला अडकेल? इतक्यांदा तपासलं, एकदाही उशीर नाही. कर सही.”

“आधीच निघालेला फोटो मध्येच तोडता येत नाही, साहेब. तो संपेपर्यंत ‘थांब’ला थांबावंच लागतं.”

“आणि नेमका त्याच क्षणी कुणाचा हात आत जाणार?”

“जाणार नाही, असं लिहून देता?”

साहेब चिडले. मीही चिडले. सरासरीवर भाळणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. पातं काही सरासरी बघून खाली येत नाही.

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. “नव्या कॅमेऱ्याचं तूच बघतेयस ना? मग मी निर्धास्त,” ती म्हणाली.

मी सही केली नाही. पडदा पात्यापासून वीतभर मागे घ्यायला लावला, म्हणजे कितीही उशीर झाला तरी हात पोचायच्या आत पातं थांबलेलं असेल. साहेबांनी नाक मुरडलं, पण घेतला.

आठवड्याभरात वहिनी खांदा धरून घरी आली. “कुठल्या दीडशहाण्याने पडदा मागे सरकवलाय? हात लांब करून करून खांदा गेला माझा!”

“दीडशहाणी मीच.”

“तू? का गं?”

जे घडलंच नाही ते दाखवायचं कुठून? मी मलम घेऊन तिच्यामागे बसले. खांद्यापासून चोळत चोळत खाली आले आणि तिचं एकेक बोट चोळत राहिले.

“अगं, खांदा दुखतोय, बोटं नाही!” ती खेकसली.

“माहितेय,” मी म्हणाले.